एका ‘म्हणून’चा इतिहास : लाल प्रकाश आणि थकलेला स्नायू

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी माझ्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य लिहिलं होतं. वाक्य साधारण असं : ‘लाल आणि निअर-इन्फ्रारेड प्रकाश मायटोकाँड्रियातल्या सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या एन्झाइमकडून शोषला जातो, त्यामुळे एटीपीची निर्मिती वाढते आणि म्हणून स्नायूला थकवा उशिरा येतो.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. नीटनेटकं, विज्ञानाच्या भाषेतलं, आणि या विषयावरच्या जवळजवळ प्रत्येक पेपरच्या प्रस्तावनेत थोड्याफार फरकानं सापडणारं.

आरएसीच्या बैठकीत एका सरांनी पेन्सिलीनं त्यातल्या ‘म्हणून’भोवती गोल केला आणि विचारलं, “हे कुणी दाखवलं?” मी तीन रिव्ह्यू पेपरांची नावं सांगितली. सर म्हणाले, “रिव्ह्यूत सांगितलेलं असतं. दाखवलं कुणी?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतरचे काही महिने मी ते एक वाक्य उलट्या दिशेनं वाचण्यात घालवले. म्हणजे त्यातला प्रत्येक तुकडा पहिल्यांदा कुणी, कशावर, कोणत्या प्रयोगानं दाखवला ते शोधत गेले. त्या प्रवासाचा हा सारांश आहे. तुमचा विषय वेगळा असेल, पण तुमच्याही सिनॉप्सिसमध्ये असं एखादं वाक्य नक्की असणार.

सुरुवातीला विषय दोन ओळींत. या उपचारपद्धतीला आज फोटोबायोमॉड्युलेशन म्हणतात. कमी शक्तीचा लेझर किंवा एलईडी त्वचेवर धरायचा, ऊतक तापणार नाही इतक्याच डोसमध्ये, आणि पेशींच्या कामात काही बदल होतो का ते बघायचं. शस्त्रक्रियेतला कापणारा, जाळणारा लेझर तो हा नव्हे. स्नायूंच्या बाबतीत प्रश्न असा असतो की व्यायामाआधी किंवा नंतर असा प्रकाश दिला तर थकवा कमी येतो का, आणि येत असेल तर का.

पहिला तुकडा : प्रकाशाचा शरीरावर परिणाम होतो

प्रकाशानं रोग बरा करण्याला आधुनिक विज्ञानात मान मिळवून दिला तो नील्स फिन्सेन यांनी. फॅरो बेटांवर जन्मलेले हे डॉक्टर कोपनहेगनमध्ये काम करत. त्वचेचा क्षय, म्हणजे लुपस व्हल्गॅरिस, हा त्या काळी चेहरा विद्रूप करणारा आजार होता. फिन्सेन यांनी कार्बन आर्क दिव्याचा प्रखर प्रकाश भिंगांनी एकवटला, पाण्याच्या साहाय्यानं त्यातली उष्णता काढून टाकली आणि तो प्रकाश रोज रुग्णाच्या त्वचेवर सोडला. रुग्ण बरे होऊ लागले. 1903 साली त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता प्रश्न असा, की रुग्ण बरे का झाले? फिन्सेन यांचं स्पष्टीकरण होतं की कमी तरंगलांबीचे किरण जंतूंना थेट मारतात. हेच पुढे पाठ्यपुस्तकांत गेलं. 2005 साली डेन्मार्कमधल्याच संशोधकांनी फिन्सेन यांची भिंगं आणि फिल्टर पुन्हा तपासले. त्यांना आढळलं की साधारण 340 नॅनोमीटरच्या खालचे किरण त्या उपकरणातून बाहेरच पडत नव्हते! म्हणजे ज्या किरणांना श्रेय दिलं जात होतं ते रुग्णापर्यंत पोचतच नव्हते. क्षयाच्या जंतूंमध्ये पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं असतात. ती 400 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषून क्रियाशील ऑक्सिजन तयार करतात आणि जंतू त्यानं मरत असावेत, असं त्यांनी सुचवलं.

परिणाम खरा होता, उपचार खरा होता, नोबेलही योग्यच होतं. फक्त ‘का’चं उत्तर शंभर वर्षं चुकीचं दिलं जात होतं. ‘परिणाम होतो’ आणि ‘या कारणानं होतो’ ही दोन वेगळी विधानं आहेत आणि दोन्हींना वेगवेगळा पुरावा लागतो. माझ्या वाक्यात मी ती दोन्ही एका दमात लिहून टाकली होती.

बुडापेस्टचे उंदीर

मे 1960 मध्ये थिओडोर मायमन यांनी कॅलिफोर्नियात पहिला लेझर चालवून दाखवला. माणकाचा स्फटिक, 694 नॅनोमीटरचा गडद लाल प्रकाश. पुढच्या काही वर्षांतच डॉक्टरांनी तो हातात घेतला. बोस्टनमध्ये पॉल मॅकगफ लेझरनं ट्यूमर नष्ट करण्याचे प्रयोग करत होते.

इकडे बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर नावाचे सर्जन होते. 1967 च्या सुमारास त्यांनी पाठीवरचे केस काढलेल्या उंदरांवर माणकाचा लेझर वापरला. ज्यांना लेझर दिला त्या उंदरांचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले. पुढे जखमा भरून येण्यावरही त्यांनी काम केलं. कमी शक्तीच्या लेझरचा ‘उत्तेजक’ परिणाम होऊ शकतो ही कल्पना इथून सुरू झाली आणि मेस्टर या क्षेत्राचे जनक ठरले.

इथे मला एक गंमत सापडली. मेस्टर हा प्रयोग कशासाठी करत होते, याची रिव्ह्यू पेपरांत दोन रूपं मिळतात. काही जण लिहितात की लेझरमुळे कर्करोग होतो का, हे त्यांना तपासायचं होतं. काही जण लिहितात की मॅकगफ यांच्यासारखा ट्यूमर बरा करायचा होता, पण त्यांचा लेझर कमी शक्तीचा निघाला. एकात उद्देश धोका तपासण्याचा, दुसऱ्यात उपचाराचा! दोन्ही रूपं संदर्भ क्रमांकासकट छापलेली आहेत. मूळ लेख बघायला जाणारे फार थोडे, कारण सुरुवातीचं लेखन हंगेरियन आणि जर्मन भाषेत आहे.

त्या प्रयोगात केस काढलेले पण लेझर न दिलेले उंदीरही होते, हे विसरू नका. ते नसते तर ‘लवकर उगवले’ हे वाक्यच लिहिता आलं नसतं. ज्या गोष्टीसाठी प्रयोग केला ती मिळाली नाही, पण शेजारी कंट्रोल ग्रुप होता म्हणून दुसरंच काही डोळ्यांना दिसलं.

दुसरा तुकडा : प्रकाश एन्झाइमला जागा करतो

या तुकड्यासाठी मला मेस्टर यांच्याही चाळीस वर्षं मागे, बर्लिनला जावं लागलं. तिथे ओटो वारबुर्ग पेशींच्या श्वसनाचा अभ्यास करत होते. पेशी ऑक्सिजन वापरतात तो नेमक्या कोणत्या एन्झाइमच्या मदतीनं, हा त्यांचा प्रश्न. ते एन्झाइम वेगळं काढता येत नव्हतं. मग त्यांनी युक्ती केली. कार्बन मोनॉक्साइड दिला की यीस्टचं श्वसन मंदावतं, आणि त्याच यीस्टवर प्रकाश टाकला की श्वसन परत सुरू होतं. कारण प्रकाशामुळे कार्बन मोनॉक्साइड एन्झाइमपासून सुटतो. वारबुर्ग यांनी वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून कोणत्या प्रकाशानं किती श्वसन परत येतं ते मोजलं आणि त्यावरून न पाहिलेल्या एन्झाइमचा शोषण-वर्णपट काढला. तो हीमसारखा निघाला. 1931 चं नोबेल त्यांना या एन्झाइमवरच्या कामासाठी मिळालं. हेच आपलं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज.

हा प्रयोग मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा दोन गोष्टी खटकल्या. पहिली, सगळ्यात मोठा परिणाम निळ्या-जांभळ्या प्रकाशाचा होता. लाल प्रकाशाचा नव्हे. दुसरी आणि जास्त महत्त्वाची, इथे प्रकाशानं निरोगी श्वसन वाढवलेलं नाही. विष दिलेलं श्वसन पूर्ववत केलं आहे. अडकलेला ब्रेक सोडवणं आणि इंजिनची ताकद वाढवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लाल प्रकाशाचा दुवा जोडला तो सोव्हिएत आणि नंतर रशियातल्या टीना कारू यांनी. 1980 च्या दशकापासून त्यांनी हेला पेशींवर वेगवेगळ्या तरंगलांबीचा प्रकाश टाकून डीएनए तयार होण्याचा वेग मोजला. वेग वाढवणारी शिखरं साधारण 620, 680, 760 आणि 820 नॅनोमीटरजवळ दिसली. सायटोक्रोम सी ऑक्सिडेजमध्ये हीमशिवाय तांब्याची केंद्रंही असतात. ही शिखरं त्यांच्या शोषणाशी जुळतात, म्हणून हे एन्झाइमच प्रकाश ग्रहण करत असावं, असं त्यांनी मांडलं. पद्धत वारबुर्ग यांचीच होती. परिणामाच्या वर्णपटावरून शोषणाऱ्या रेणूचा माग काढायचा. पण मोजला होता तो डीएनए संश्लेषणाचा वेग, आणि तोही पेट्री डिशमधल्या कर्करोगाच्या पेशींत.

2003 साली जॅनिस ईल्स आणि हॅरी व्हेलन यांच्या अमेरिकेतल्या गटानं एक सुंदर प्रयोग केला. (व्हेलन यांच्या कामातले एलईडी मुळात अंतराळात रोपं वाढवण्यासाठी नासानं करवून घेतलेल्या दिव्यांच्या कुळातले. आज हे क्षेत्र लेझरकडून स्वस्त एलईडीकडे वळलेलं दिसतं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.) मेथॅनॉल पोटात गेलं की त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होतं आणि ते नेमकं सायटोक्रोम सी ऑक्सिडेज बंद पाडतं. विषारी दारूकांडात माणसांची दृष्टी जाते त्याच्या मागे हेच असतं. मेथॅनॉल दिलेल्या रॅटच्या डोळ्यांना 670 नॅनोमीटरचा एलईडी प्रकाश दिला, तेव्हा दृष्टिपटलाचं काम बऱ्याच अंशी वाचलं.

प्रयोग भक्कम, पण पुन्हा तेच! 1920 च्या दशकात कार्बन मोनॉक्साइड, 2003 मध्ये फॉर्मिक आम्ल. दोन्ही वेळा एन्झाइम आधी कुणीतरी अडवलेलं होतं. मग व्हॉलीबॉल खेळणाऱ्या धडधाकट माणसाच्या दंडात ते कोण अडवतं? यावर दिलं जाणारं उत्तर म्हणजे नायट्रिक ऑक्साइड. हा वायू शरीर स्वतःच तयार करतं आणि तो या एन्झाइमला चिकटून श्वसन मंदावू शकतो, हे 1994 मध्ये दाखवलं गेलं. लाल प्रकाश त्याला सोडवतो अशी कल्पना आहे. कल्पना पटण्यासारखी आहे. पण काम करणाऱ्या माणसाच्या स्नायूत ती पुराव्यानिशी दाखवणं हे निराळं काम आहे.

तिसरा तुकडा : एटीपी वाढलं की थकवा कमी

इथपर्यंत मी ‘प्रकाश’ या शब्दाचा माग काढत होते. ‘थकवा’ या शब्दाचा इतिहास मला तपासावासाही वाटला नव्हता. थकवा म्हणजे ऊर्जा संपणं, त्यात काय एवढं? असं मी गृहीत धरलं होतं. माझी खरी चूक इथेच होती.

थकवा मोजायचं यंत्र बनवलं इटलीतल्या तुरिनच्या आंजेलो मोसो यांनी, 1880 च्या दशकात. त्याचं नाव एर्गोग्राफ. हात घट्ट बांधायचा, मधल्या बोटाला दोरीनं वजन लावायचं आणि ठरावीक तालावर ते उचलत राहायचं. प्रत्येक उचल फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर उमटते आणि हळूहळू लहान होत जाते. मोसो यांना दिसलं की प्रत्येक माणसाची वक्ररेषा वेगळी असते. आणखी एक गोष्ट दिसली. दिवसभर तोंडी परीक्षा घेऊन आलेल्या सहकाऱ्याचं बोटही लवकर थकायचं. बोटानं तर काहीच काम केलेलं नव्हतं! 1891 मध्ये आलेल्या ‘ला फातीका’ या पुस्तकात त्यांनी हे सगळं मांडलं. थकव्याचा काही भाग स्नायूत असतो आणि काही मेंदूत, ही जाणीव तेव्हापासूनची.

पुढे 1907 मध्ये केंब्रिजच्या फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी बेडकाच्या स्नायूत ऑक्सिजनशिवाय काम केल्यावर लॅक्टिक आम्ल साचतं हे नीट मोजून दाखवलं. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना स्नायूतली उष्णता, ऑक्सिजन आणि लॅक्टिक आम्ल यांवरच्या कामासाठी 1922 चं नोबेल मिळालं. ‘लॅक्टिक आम्ल साचलं की स्नायू थकतो’ हे वाक्य मग इतकं रुजलं की जिममधला ट्रेनर आजही तेच सांगतो.

1927 मध्ये हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनी स्नायूतलं फॉस्फोक्रिएटिन शोधलं. एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला ज्यांनी फॉस्फेट मोजण्याची फिस्के-सुब्बाराव पद्धत केली असेल, निळा रंग यायची वाट बघत बसले असतील, त्यांना ही जोडी आठवेल. स्नायू जोरात काम करू लागला की फॉस्फोक्रिएटिन फुटतं आणि एटीपी भरून काढतं. फुटताना सुटं फॉस्फेट मागे राहतं. एटीपी स्वतः सापडलं ते 1929 मध्ये.

आता मुद्द्याची गोष्ट. 2002 मध्ये वेस्टरब्लाड, ॲलन आणि लेनरग्रेन यांनी एक छोटा लेख लिहिला. त्याचा प्रश्न होता, थकव्याचं मुख्य कारण लॅक्टिक आम्ल की फॉस्फेट? तोवरचा पुरावा तपासून त्यांनी कौल फॉस्फेटच्या बाजूनं दिला. शरीराच्या नेहमीच्या तापमानाला आम्लतेचा परिणाम पूर्वी वाटला होता त्यापेक्षा बराच कमी असतो. उलट साचलेलं सुटं फॉस्फेट ॲक्टिन-मायोसिनची ओढ कमी करतं आणि कॅल्शियमच्या ये-जा करण्यातही अडथळा आणतं. आणि एटीपी? जोरदार कामानं थकलेल्या स्नायूतही त्याची एकूण पातळी फारशी खाली जात नाही. ती इतकी सांभाळली जाते की टाकी रिकामी झाल्यामुळे गाडी थांबली, असं म्हणता येत नाही.

आता माझं वाक्य परत वाचा. ‘एटीपी वाढतं आणि म्हणून थकवा उशिरा येतो.’ टाकी रिकामीच होत नसेल, तर तिच्यात जास्त भरल्यानं गाडी जास्त चालेल हे कशावरून? ‘म्हणून’भोवतीचा तो पेन्सिलीचा गोल मला तेव्हा खरा कळला.

म्हणजे कल्पना निकालात निघाली असंही नाही. दोन जोरदार प्रयत्नांच्या मधल्या विश्रांतीत फॉस्फोक्रिएटिन परत भरलं जातं, आणि ते भरण्यासाठी मायटोकाँड्रियाच लागतो. प्रकाशानं मायटोकाँड्रियाचं काम खरंच सुधारत असेल, तर ते भरणं लवकर होईल, फॉस्फेट कमी साचेल आणि थकवा उशिरा येईल. हा मार्ग शक्य आहे. पण मग मोजायचं काय, तर एटीपीचा साठा नाही, फॉस्फोक्रिएटिन भरून येण्याचा वेग. वाक्य बदललं की प्रयोग बदलतो.

चौथा तुकडा : प्रकाश दिला, थकवा उशिरा आला

स्नायूंवरचे थेट प्रयोग यानंतर येतात. ज्या कामाचा सगळे दाखला देतात ते लोपेस-मार्टिन्स आणि सहकाऱ्यांचं, 2006 चं. ब्राझीलमधल्या या गटानं 32 विस्टार रॅट चार गटांत वाटले. तीन गटांना 655 नॅनोमीटरचा लेझर, डोस अनुक्रमे 0.5, 1.0 आणि 2.5 जूल प्रति चौरस सेंटीमीटर. चौथा गट लेझरशिवाय. मग नडगीच्या पुढच्या स्नायूला विजेचे झटके देऊन सहा वेळा आकुंचन करायला लावलं आणि प्रत्येक वेळी ताकद निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजलं. 0.5 आणि 1.0 च्या गटांत हा वेळ वाढला. 2.5 च्या गटात कंट्रोलच्या तुलनेत लक्षणीय फरक नव्हता.

म्हणजे प्रकाश जास्त दिला की फायदा जास्त, असं नाही. डोसचं असं वागणं या क्षेत्रात वारंवार दिसतं. थोडा प्रकाश उपयोगी, त्याहून जास्त निरुपयोगी किंवा उलट परिणाम करणारा. 2009 मध्ये हँबलिन यांच्या गटानं यावर स्वतंत्र आढावाही घेतला. पण या रॅटच्या प्रयोगात त्याहूनही बारीक गोष्ट आहे. स्नायूची इजा दाखवणारं क्रिएटिन कायनेज रक्तात कमी आढळलं ते 1.0 आणि 2.5 च्या गटांत. थकवा उशिरा आणणारा डोस आणि इजा कमी करणारा डोस पूर्णपणे एक नव्हते. मग ‘योग्य डोस कोणता?’ या प्रश्नाला ‘कशासाठी योग्य?’ असं विचारल्याशिवाय उत्तरच नाही.

विजेच्या झटक्यांचाही अर्थ लक्षात घ्या. तिथे मेंदूला काही विचारलंच जात नाही. मोसो यांनी दाखवलेला मेंदूतला थकवा या प्रयोगातून आपोआप बाजूला पडतो. त्यामुळे परिणाम स्नायूत किंवा त्याच्या रक्तपुरवठ्यात झाला, एवढं म्हणता येतं.

माणसाच्या बाबतीत ही सोय नसते. 2008 मध्ये लेआल ज्युनियर आणि सहकाऱ्यांनी 12 व्यावसायिक व्हॉलीबॉलपटूंवर प्रयोग केला. एकदा खरा लेझर, एकदा प्लासिबो, मध्ये एक आठवड्याचं अंतर, आणि कोणत्या वेळी काय आहे हे खेळाडूलाही माहीत नाही आणि मोजणाऱ्यालाही नाही. दंडाचा स्नायू थकेपर्यंत वजन उचलायचं. खऱ्या लेझरनंतर खेळाडूंनी जास्त वेळा वजन उचललं. रक्तातल्या लॅक्टेटमध्ये मात्र लक्षणीय फरक दिसला नाही.

‘आता नाही होत’ म्हणणाऱ्या माणसाला जरा मोठ्यानं ‘अजून एक!’ म्हटलं की तो अजून एकदा उचलतो. हे मी हँडग्रिप डायनामोमीटर हातात देऊन स्वतः पाहिलंय, आणि व्यायामशाळेत गेलेल्या कुणालाही ते माहीत असतं. म्हणून माणसांवरच्या अशा प्रयोगात डबल-ब्लाइंड हा शब्द शोभेसाठी नसतो. तो नसेल तर तुम्ही लेझर मोजताय की उत्साह, हे कळणार नाही.

आणि हे बघा, या दोन्ही प्रयोगांत मोजलं काय होतं? ताकद, वेळ, उचलण्यांची संख्या, क्रिएटिन कायनेज, लॅक्टेट. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज आणि एटीपी हे शब्द स्पष्टीकरणात येतात, निकालात येत नाहीत. वाक्याचं पहिलं टोक पेट्री डिशमध्ये मोजलं गेलं आणि दुसरं टोक दंडावर. मधला ‘म्हणून’ लिहिताना जोडला गेला.

2019 चा धक्का

रसायनाच्या बाजूलाही सगळं स्थिर नाही. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एका गटानं साधा पण धारदार प्रश्न विचारला. सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नसलेल्या पेशी घेतल्या तर? त्यांनी अशा पेशींवर 660 नॅनोमीटरचा प्रकाश टाकला. पेशींची वाढ तरीही वाढली. म्हणजे निदान या परिणामासाठी तरी ते एन्झाइम आवश्यक नाही.

यानं कारू यांचं काम रद्द होत नाही. वेगळ्या पेशी, वेगळी तरंगलांबी, वेगळा परिणाम यांत ते एन्झाइम महत्त्वाचं असू शकतं. पण ‘प्रकाश या एन्झाइमकडून शोषला जातो, त्यामुळे…’ असं डोळे झाकून लिहिण्याची सोय आता राहिली नाही. फिन्सेन यांच्या भिंगांची गोष्ट इथे मला परत आठवते.

यातून आपण काय घ्यायचं

माझ्या गाईडच्या सल्ल्यानं मी एक तक्ता केला. तुम्हीही तुमच्या सिनॉप्सिसमधलं एक लाडकं वाक्य घ्या, त्याचे ‘त्यामुळे’ आणि ‘म्हणून’ जिथे येतात तिथे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्यासमोर चार रकाने भरा : कुणी आणि कधी, कशावर, किती डोस, आणि नेमकं काय मोजलं. माझा तक्ता भरल्यावर ‘कशावर’ या रकान्यात यीस्ट, हेला पेशी, रॅटचं दृष्टिपटल, बेडकाचा स्नायू, रॅटची नडगी आणि व्हॉलीबॉलपटूचा दंड असे सहा वेगवेगळे प्राणी-पदार्थ आले. एका वाक्यात मी या सगळ्यांना एकच शरीर मानलं होतं.

दुसरं, जुनं साहित्य शोधताना शब्द बदलून शोधा. या एकाच पद्धतीला वेळोवेळी बायोस्टिम्युलेशन, सॉफ्ट लेझर, कोल्ड लेझर, लो-लेव्हल लेझर थेरपी अशी नावं होती. फोटोबायोमॉड्युलेशन हे नाव 2014 नंतर रूढ झालं. आजच्याच नावानं शोधलंत तर तुम्हाला वाटेल की हे क्षेत्र दहा-बारा वर्षांचं आहे.

तिसरं, मोकळी जागा बघायला शिका. रॅटच्या नडगीवर स्नायूपर्यंतचं अंतर अगदी थोडं. माणसाच्या मांडीवर त्वचा, चरबी आणि मग स्नायू. वाटेत प्रकाश विखुरतो, शोषला जातो. त्वचेतलं मेलॅनिन लाल प्रकाश निअर-इन्फ्रारेडपेक्षा जास्त शोषतं. त्यामुळे सावळ्या त्वचेच्या माणसाला तोच दिवा, तेवढाच वेळ धरला तर स्नायूपर्यंत पोचणारा डोस तोच असेल असं गृहीत धरता येत नाही. आपल्याकडे या विषयात काम करू पाहणाऱ्यांनी बाहेरच्या पेपरातला डोस जसाच्या तसा उचलण्याआधी हे डोक्यात ठेवायला हवं.

पुढच्या आरएसीला मी ते वाक्य बदलून नेलं. नवं वाक्य लांब आहे आणि जुन्यासारखं देखणं नाही : ‘काही नियंत्रित प्रयोगांत ठरावीक डोसमध्ये लाल प्रकाश दिल्यावर स्नायूला थकवा उशिरा आल्याचं दिसलं आहे. पेशींवरच्या कामातून यामागे मायटोकाँड्रिया असावा असं सुचवलं गेलं आहे, मात्र या दोन्हींना जोडणारा टप्पा काम करणाऱ्या स्नायूत थेट तपासण्याची गरज आहे.’

सरांनी ते दोनदा वाचलं. या वेळी पेन्सिलीनं गोल केला नाही. एवढंच म्हणाले, “बरं. मग तू मोजणार काय?”

मी म्हटलं, “फॉस्फोक्रिएटिन भरून यायला किती वेळ लागतो ते.” त्यावर पुढचा पाऊण तास चर्चा झाली. माझ्या संशोधनाबद्दलची ती पहिली खरी चर्चा होती.